इतिहासाचे व्हिडिओ बघून मी शिकते आहे, की नुसती करमणूक होते आहे?

प्रश्न : मी नागपूरला नंदनवन भागात राहते. वय त्रेचाळीस. घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं. मागे एकदा मुलीने मोबाइलवर रोमन साम्राज्याचा कार्टूनचा व्हिडिओ लावून दिला आणि मला नादच लागला. मशीनवर बसले की शेजारी मोबाइल असतो. रोम झालं, मंगोल झाले, फ्रेंच राज्यक्रांती झाली, दोन्ही महायुद्धं झाली. बहुतेक हिंदीत बघते, इंग्रजी असले तर खाली अक्षरं लावून. शाळेत इतिहासाने मला इतका आनंद कधी दिला नव्हता.

दिवाळीला सगळे जमले होते तेव्हा मी पहिल्या महायुद्धाची गोष्ट सांगितली. राजपुत्राला मारणारा मुलगा सँडविच खायला थांबला होता आणि नेमकी त्याची गाडी समोर आली, अशी. माझ्या जावेचा मुलगा यूपीएससीची तयारी करतो. तो म्हणाला, “काकू, हे खोटं आहे. हे व्हिडिओवाले काहीही सांगतात.” सगळे हसले. मला फार लागलं. मग विचार केला तर लक्षात आलं, इतकं बघूनही मला धड काही सांगता येत नाही. अमेरिकेचं स्वातंत्र्य आधी की फ्रेंच क्रांती आधी, यातही गोंधळ होतो. मुलगी दहावीत आहे. तीही आता म्हणते, पुस्तक कशाला, व्हिडिओच बघते. मी हे बंद करावं का? जगाच्या इतिहासाच्या एका ऑनलाइन कोर्सची जाहिरात सारखी येते, फी बारा हजार आहे. तो लावू का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर :

ताई,

बंद अजिबात करू नका. आणि बारा हजारही भरू नका. हे आधी सांगून टाकते, कारण पत्र वाचताना जाणवलं की या दोन गोष्टींचाच तुमच्या जिवाला घोर लागला आहे. बाकीचं सावकाश बोलू.

पहिल्यांदा त्या सँडविचचं बघू. तुमचा पुतण्या बरोबर आहे, आणि तरीही तुमच्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. २८ जून १९१४ चा दिवस. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी साराजेव्हो शहरात उघड्या मोटारीतून चालले होते. सकाळीच एकाने त्यांच्यावर बॉम्ब टाकला होता. त्यातून ते वाचले, मागच्या गाडीतले लोक जखमी झाले. नगरभवनातला कार्यक्रम उरकल्यावर जखमींना बघायला इस्पितळात जायचं ठरलं आणि मार्ग बदलला. ड्रायव्हरला मात्र कोणी ते नीट सांगितलं नाही. तो लॅटिन पुलापाशी आधी ठरलेल्या रस्त्यालाच वळला, गाडीतून कोणीतरी ओरडलं, गाडी थांबली. तिथे गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. वय एकोणीस. वयाची वीस वर्षं पूर्ण नव्हती म्हणून पुढे त्याची फाशी टळली आणि १९१८ मध्ये तो तुरुंगात क्षयाने मेला.

तुमची गोष्ट बरीचशी खरीच होती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो खाण्याच्या वस्तूंच्या दुकानासमोर उभा होता, हेसुद्धा खरं आहे. सँडविच मात्र खटल्याच्या कागदपत्रांत नाही. ते पुष्कळ वर्षांनी कोणीतरी गोष्टीला चिकटवलं आणि गोष्ट इतकी चटकदार झाली की एका व्हिडिओतून दुसऱ्यात जात राहिली. प्रिन्सिप तिथे भूक लागली म्हणून थांबलेला नव्हता. आधी जाहीर झालेला परतीचा मार्ग त्याच कोपऱ्यावरून जाणार होता. तो वाट बघत होता.

एवढ्याशा तपशिलाने काय बिघडतं, असं वाटेल. पण सँडविच ठेवलं तर सगळं महायुद्ध एका योगायोगाचं होतं. ते काढलं की प्रश्न उभे राहतात. या पोराच्या हातात पिस्तूल कुठून आलं? सर्बियातून. बोस्नियावर ऑस्ट्रियाचं राज्य का होतं? १९०८ मध्ये त्यांनी तो मुलूख आपल्या साम्राज्याला जोडून टाकला होता. खून २८ जूनचा आणि सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं ते २८ जुलैला. मधल्या महिनाभरात व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस आणि लंडन इथे बसलेल्या माणसांनी काय काय ठरवलं, तिथे खरा इतिहास आहे. तो सँडविचपेक्षा कितीतरी जास्त खिळवून ठेवतो, आणि एखाद्या चांगल्या व्हिडिओत तुम्हाला तोही सापडेल.

आपल्याकडे बखरी होत्या, तसेच हे व्हिडिओ आहेत असं समजा. पानिपतावरची भाऊसाहेबांची बखर वाचताना आजही अंगावर काटा येतो. ती कोणी फेकून दिली नाही. पण इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये त्या काळातली अस्सल पत्रं गोळा करून छापली, तेव्हापासून बखरीतलं वाक्य खरं की खोटं हे त्या पत्रांशी ताडून ठरवायला लागलो. बखरीने गोडी लावली, पत्रांनी पक्कं केलं. तुम्हाला गोडी लागलेली आहेच, आणि तीच मिळवायला बहुतेकांचा जन्म जातो. आता फक्त एक सवय लावायची : कशावरून?

हा प्रश्न मोठ्याने विचारायला शिका. व्हिडिओतला माणूस म्हणतो, फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत म्हणाली, भाकरी नसेल तर केक खा. कशावरून? शोधलं तर कळतं की हे वाक्य रूसो या फ्रेंच विचारवंताच्या आत्मचरित्रात एका अनाम राजकन्येच्या तोंडी आहे, आणि त्याने तो भाग लिहिला तेव्हा मारी आंत्वानेत दहा-बारा वर्षांची पोर होती, ऑस्ट्रियात, आईच्या घरी. नेपोलियन बुटका होता म्हणतात. कशावरून? फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा होता, त्यामुळे फ्रेंच मापातली त्याची उंची इंग्रजांना कमी वाटली आणि त्यांच्या व्यंगचित्रकारांनी त्याला पार ठेंगणा करून टाकलं. तो साधारण साडेपाच फुटांच्या वर होता, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच माणसाइतकाच. चित्रांनाही हाच प्रश्न विचारा. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये आणि नेपोलियन वारला १८२१ मध्ये. तेव्हा कोणी नेपोलियनचा ‘खरा फोटो’ दाखवला की तो व्हिडिओ तिथेच बंद करायचा. हल्ली कॉम्प्युटरने बनवलेली चित्रं आणि बनवलेला आवाज यांचे व्हिडिओ ढिगाने येतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

चांगल्या व्हिडिओची एक खूण आहे. अमक्याने पत्रात असं लिहिलं, तमक्या शिलालेखात असं आहे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, असं तो मधूनमधून सांगतो. खाली वर्णनात कुठली पुस्तकं वापरली तेही दिलेलं असतं. आपली चूक झाली तर कबूल करून दुरुस्ती टाकणारेही आहेत, त्यांना धरून ठेवा. आणि मराठीत ताडून बघायला मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेला हा कोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. नोंदी जरा जड भाषेत आहेत, पण तुम्हाला सगळी नोंद वाचायची नाही, एखादं नाव, एखादं साल बघायचं आहे. दोन मिनिटांचं काम.

पुतण्यावर रागावू नका. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरला जगाचा अठराव्या शतकापासूनचा इतिहास असतो, त्यामुळे त्याचा हा विषय पक्का असणार. घरात असा माणूस असणं हे तुमचं भाग्य आहे. पुढच्या वेळी तो आला की त्याच्याशी बोलायला एक विषय देते. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, घेतलं, युरोपचा भारताकडे यायचा रस्ता बंद झाला, म्हणून पोर्तुगीज समुद्रमार्ग शोधायला निघाले. हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं, व्हिडिओंतही तेच असतं. आता सालं बघा. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचं सेउता घेतलं १४१५ मध्ये. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बोहादोर भूशिर त्यांच्या जहाजांनी ओलांडलं १४३४ मध्ये. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडायच्या कितीतरी आधी ते आफ्रिकेचा किनारा धरून खाली निघालेच होते. आणि मिरी? ती १४५३ नंतरही इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियावरून व्हेनिसला जातच होती. इजिप्त तुर्कांच्या हातात गेला १५१७ मध्ये, तोवर वास्को द गामा कालिकतला येऊन एकोणीस वर्षं झाली होती. मग पोर्तुगीज का निघाले? आफ्रिकेचं सोनं, मधले दलाल टाळून थेट माल घेण्याची हाव, मुसलमान सत्तांशी जुनं वैर, राजघराण्याची महत्त्वाकांक्षा, असं बरंच काही. १४५३ चाही वाटा असेल, पण एकट्याचा नाही. हे त्याच्याबरोबर बसून उलगडा. पुस्तकातल्या वाक्यालाही ‘कशावरून’ विचारता येतं हे त्याच्याही उपयोगी पडेल, आणि काकूकडे बघायची त्याची नजर बदलेल.

आता तुमचा गोंधळ. अमेरिका आधी की फ्रान्स? नुसती सालं पाठ करायला गेलात तर ती महिनाभरात पुन्हा निसटतील. त्यांच्यामधला दुवा धरा. अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं १७७६ मध्ये. इंग्लंडची जिरवायला फ्रान्सच्या राजाने अमेरिकनांना पैसा, फौज, आरमार दिलं. त्या खर्चाने आधीच कर्जात असलेली त्याची तिजोरी रिकामी झाली. नवे कर बसवायला १७८९ मध्ये त्याला प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली, आणि त्या सभेतून क्रांतीची ठिणगी पडली. जुलैत पॅरिसमधला बास्तीय हा तुरुंगाचा किल्ला पडला. आता सांगा, आधी कोण? यापुढे विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही.

याहून मोठा उपाय म्हणजे जगाचं साल आपल्या ओळखीच्या सालाला बांधायचं. महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा, हे झोपेतही सांगाल. त्याच वर्षी डचांनी तहाने न्यूयॉर्क कायमचं इंग्रजांना दिलं. फ्रान्सच्या गादीवर चौदावा लुई होता, चीनच्या गादीवर कांगशी, आणि केंब्रिजात न्यूटन शिकवत होता. पानिपत १४ जानेवारी १७६१. त्याच आठवड्यात तिकडे पाँडिचेरी फ्रेंचांच्या हातून इंग्रजांकडे गेली. युरोपात पेटलेल्या सात वर्षांच्या युद्धाचाच तो एक भाग होता. एका आठवड्यात हिंदुस्थानातल्या दोन मोठ्या सत्ता खचल्या. हे दोन वेगवेगळ्या धड्यांत असल्यामुळे आपल्या डोक्यात कधी शेजारी येतच नाहीत.

आणि तुम्ही तर नागपूरच्या. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ ची, तेव्हा नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत होता. भोसल्यांचं राज्य डलहौसीने खालसा केलं १८५४ मध्ये. त्याच वर्षी मार्च महिन्यात ब्रिटनने रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उडी घेतली आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या पेरी या आरमारी अधिकाऱ्याने जपानला बंदरं उघडायच्या तहावर सही करायला लावली. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. त्याच महिन्याच्या २३ तारखेला हंगेरीत बुडापेस्टमध्ये लोक रशियाच्या वर्चस्वाविरुद्ध रस्त्यावर उतरले, २९ तारखेला इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावरून लढाई पेटली, आणि १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना होऊन आपलं नागपूर राजधानीचं शहर राहिलं नाही. तीन आठवड्यांत एवढं! एक वही करा. डाव्या पानावर आपल्याकडचं, उजव्या पानावर जगातलं. व्हिडिओत एखादं साल आलं की उजवीकडे टाका आणि डावीकडे काय होतं ते शोधा. काही महिन्यांत ती वही कुठल्याही कोर्सपेक्षा मोलाची होईल.

तुम्ही कापड शिवता म्हणून एक धागा जरा लांबवर नेऊन दाखवते. अमेरिकेच्या यादवी युद्धावर व्हिडिओ असंख्य आहेत. लिंकन, गेटिसबर्गची लढाई, गुलामांची मुक्ती, सगळं असतं. पण ते युद्ध विदर्भातही पोचलं होतं, हे त्यांत सहसा नसतं. १७९३ मध्ये अमेरिकेत सरकी काढण्याचं यंत्र निघालं आणि दक्षिणेकडच्या राज्यांत कापसाखाली जमीन वाढतच गेली. तो कापूस वेचायला गुलाम होते. १८६० च्या सुमाराला तिथे जवळपास चाळीस लाख माणसं गुलामीत होती. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या गिरण्या त्याच कापसावर चालायच्या. त्यांच्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग अमेरिकेतून यायचा. १८६१ मध्ये यादवी पेटली, लिंकनच्या सरकारने दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस अडकला. लँकशायरमध्ये गिरण्या थंडावल्या, हजारो घरांत चुली विझल्या. मग गिरणीवाल्यांचं लक्ष गेलं हिंदुस्थानकडे. वऱ्हाडचा सुपीक मुलूख १८५३ मध्येच इंग्रजांनी निजामाकडून आपल्या ताब्यात घेतला होता. कापसाचे भाव आकाशाला भिडले. मुंबईत त्या पैशावर शेअरांचा जुगार रंगला. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. ज्या शेतकऱ्याने चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून उचल घेतली होती, त्याच्या डोक्यावर कर्ज मात्र तसंच राहिलं. कापूस, भाव आणि कर्ज हे तीन शब्द विदर्भात आजही एका दमात उच्चारले जातात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

१८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ ला, ज्या दिवशी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी इथे जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू केली. जुम्मा तलाव म्हणजे आपला गांधीसागर. गिरण्या मुंबईत काढायच्या सोडून ते इथे आले कारण कापूस शेजारी, कोळसा जवळ, रेल्वे दाराशी. सूत कातण्याच्या नव्या रिंग चात्या हिंदुस्थानात पहिल्यांदा चालल्या त्या मोजक्या गिरण्यांत ही होती. पिढ्यान् पिढ्या नागपूरची माणसं तिथे राबली, २००२ मध्ये ती बंद झाली. तुमच्या सासर-माहेरात कोणी ना कोणी तिथे कामाला असेलच. त्यांना जाऊन विचारा, पाळ्या कशा होत्या, पगार कसा व्हायचा, मिल बंद झाली तेव्हा घरात काय झालं. ते लिहून ठेवा. लिंकनपासून गांधीसागरपर्यंतचा हा धागा जोडून दाखवणारा व्हिडिओ माझ्या तरी बघण्यात नाही. तुमच्या वहीत तो असेल.

हे सांगायचं आणखी एक कारण आहे. गाजलेले बरेचसे व्हिडिओ अमेरिकेत किंवा इंग्लंडात बनतात आणि हिंदीतले पुष्कळसे त्यांचाच अनुवाद असतात. बनवणाऱ्याचा हेतू वाईट असतो असं नाही, पण तो आपल्या खिडकीतून बघतो. पहिलं महायुद्ध म्हटलं की फ्रान्समधले खंदक आणि चिखल. त्या युद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी सैनिक समुद्रापार गेले, इराकमध्ये कुत-अल-अमाराच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत मराठा पलटणी उपाशी लढल्या, याला त्यात एखादं वाक्य मिळालं तर मिळालं. चर्चिलवरचा तासाभराचा व्हिडिओ असतो आणि त्यात १९४३ चा बंगालचा दुष्काळ नसतो, ज्यात साधारण तीस लाख माणसं मेली. म्हणून दर वेळी व्हिडिओ संपला की मनात विचारा, यात आपण कुठे होतो? यात बायका कुठे होत्या? राबणारे कुठे होते? उत्तर मिळालं नाही तर पुढचा शोध तिथून सुरू करायचा.

आता बघण्याच्या पद्धतीबद्दल. तुम्ही मशीन चालवताना ऐकता. काज-हुक लावताना, हातशिलाई करताना ऐकायला काहीच हरकत नाही. कटिंग करताना मात्र नको. तिथे कापडही बिघडेल आणि गोष्टही निसटेल. मुख्य गोष्ट अशी की एकामागून एक व्हिडिओ लावू नका. एक संपला की तो आपोआप दुसरा सुरू करतो, ते सेटिंगमधून मुलीकडून बंद करून घ्या. बॉबिन भरायला थांबाल तेव्हा मोबाइलही थांबवा आणि आत्ता काय ऐकलं ते स्वतःला मराठीत सांगा. मोठ्याने सांगितलंत तर फारच उत्तम. अडखळाल, नावं आठवणार नाहीत. अडखळू द्या, तेवढंच परत ऐका. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुम्ही इतकं बघूनही सांगता येत नाही, याचं कारण तुमची बुद्धी कमी आहे हे नाही. सांगायची वेळच तुम्ही स्वतःवर कधी आणली नाही, दिवाळीपर्यंत. आणि दिवाळीला सांगितलंत, तेव्हा सँडविच सोडून बाकीची गोष्ट बरोबर सांगितलीत!

एक विषय धरून महिनाभर राहा, हेही सुचवीन. आज मंगोल, उद्या हिटलर, परवा पिरॅमिड असं केलं तर डोक्यात खिचडी होते. एक महिना फक्त कापूस घ्या किंवा फक्त मिरची. हो, मिरचीसुद्धा. सावजीच्या रश्श्यातली मिरची कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीआधी आशिया-युरोपात कोणाला ठाऊकच नव्हती. ती, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची इकडे आली, आणि आज आपल्या जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीचं नाव आहे. तिचा प्रवास शोधता शोधता तुम्हाला मेक्सिको, लिस्बन, गोवा सगळं फिरून यावं लागेल.

मुलीचं थोडक्यात सांगते. बोर्डाच्या पेपरात प्रश्न पुस्तकातून येतात, तेव्हा वर्षभर पुस्तकच हातात हवं. पण तिचं पुस्तक तुम्हीही उघडा. दहावीच्या इतिहासाचा पहिलाच धडा इतिहास कसा लिहितात यावर आहे. हिरोडोटस, व्हॉल्टेअर, रांके अशी माणसं त्यात भेटतात. कागद तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हे रांकेने जर्मनीत बसून सांगितलं. पुढे प्रसारमाध्यमं आणि इतिहास असाही एक धडा आहे. पोरी घाईघाईत उत्तरं पाठ करून मोकळ्या होतात, तुम्ही मात्र आवडीने वाचाल. रात्री जेवण झाल्यावर ती तुम्हाला तो धडा समजावून सांगू दे. तिची उजळणी होईल आणि तुमचंही काम होईल. सुट्टीच्या दिवशी दोघी मिळून अजब बंगल्यात जा. आपलं हे संग्रहालय १८६३ पासूनचं आहे, म्हणजे तिकडे यादवी आणि इकडे कापसाची धामधूम चालू असतानाचं. वही बरोबर न्या.

राहिली कोर्सची गोष्ट. तुम्ही ज्या गोष्टी त्यात शिकाल त्या फुकट उपलब्ध आहेत, आणि त्या खाजगी प्रमाणपत्राला पुढे कोणी विचारत नाही. खरं शिक्षण पुढे न्यायची इच्छा असेल, आणि पत्रावरून मला ती दिसते, तर अर्धवट राहिलेली बी.ए. पूर्ण करा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं विभागीय केंद्र नागपुरात आहे, दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचंही प्रादेशिक केंद्र आहे. वयाची अट आड येत नाही, घरचं काम सांभाळून शिकता येतं. जाताना जुन्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा कागद बरोबर ठेवा. तीन गोष्टी विचारा : इतिहास विषय मिळतो का, आधीच्या वर्षांचं काही धरतात का, आणि पुढच्या प्रवेशाची तारीख कुठली. फी किती ते तिथे समजेलच. तोवर ते बारा हजार बँकेत राहू द्या.